दाजींनी उघडलेलं बॉनेट

माझ्या दाजींना गाडीतलं काहीही कळत नव्हतं, आणि बंद पडलेली गाडी दिसली की बॉनेट उघडल्याशिवाय त्यांना राहवत नसे. लग्नाच्या मांडवाबाहेर, बाजारात, रस्त्याच्या कडेला, जिथे चार माणसं एखाद्या गाडीभोवती उभी दिसतील तिथे दाजी थांबायचे. "सरका जरा," म्हणायचे, बॉनेट वर करायचे आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून आत बघत राहायचे, विहिरीला पाणी किती उरलंय ते बघतात तसे. मग एखादी नळी दाबायची, एखादी वायर हलवायची, बॅटरीवर दोन चापट्या मारायच्या आणि निदान सांगायचं. गाडी चालू झाली तर ती दाजींमुळे. नाही झाली तर कंपनीचा माल हलका.

ज्यांच्या घरात असा एखादा जाणता माणूस होऊन गेला त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार लोणी, डाळिंबाची बाग. आमचं गाव पिंपरी पेंढार, आणि मी तिथून जवळच्याच एका हायस्कूलात इतिहास शिकवतो. दाजींनी दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या कोर्ससाठी अर्ज केला होता. फक्त अर्ज केला होता. त्या एका अर्जाच्या जोरावर हा माणूस तीस वर्षं पंचक्रोशीत मेकॅनिक म्हणून मिरवला, आणि पंचक्रोशीनेही मिरवू दिलं.

एकदा आम्ही दोघं खोडदला एका साखरपुड्याला चाललो होतो. वाटेत एक गाडी बंद पडलेली. तिचे मालक, शहरी दिसणारे एक सज्जन, घाम पुसत उभे. दाजींनी उतरून बॉनेट उघडलं, आत पाहिलं, मग पलीकडे शेतात उभ्या असलेल्या, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेनांकडे पाहिलं. "पावणं," ते म्हणाले, "ह्या छत्र्या करंट वढून घेतात गाडीचा. जरा लांब ढकलत न्या, आपोआप चालू व्हईल." ते सज्जन त्याच अँटेनांवर नोकरी करणारे इंजिनिअर निघाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं, आणि आम्ही तिघांनी ती गाडी भर उन्हात बरीच लांब ढकलली. डिझेल संपलेलं होतं.

हे कळल्यावर दाजी ओशाळतील असं कुणाला वाटेल. "तेच म्हणत व्हतो मी," ते म्हणाले, "कायतरी वढून घेतलंय." हे 'तेच म्हणत व्हतो मी' म्हणजे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या कुणी बिघाड शोधला की ते पुढे होत आणि तो बिघाड आपल्या नावावर करून घेत. मोटारीचा पंप असो, घरातला टीव्ही असो, नाहीतर शेजाऱ्याच्या म्हातारीचा गुडघा असो. 'चुकलं माझं' हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत, आणि ऐकायची संधीच येऊ नये अशा बेताने ते बोलत.

कुणी त्यांना तोंडावर सांगत का नव्हतं, असं माझी मुलं विचारतात. त्यांना काय कळणार. बहिणीचा नवरा घरी आला की त्याच्यासाठी पाट, ताट, टॉवेल सगळं वेगळं. त्याचा शब्द मेव्हण्याने खाली पडू द्यायचा नाही, कारण आपण तोंड सोडलं की त्याचं उट्टं तिकडे बहिणीवर निघतं, ही भीती आमच्या आईने आमच्यात लहानपणीच घालून ठेवली होती. तीस वर्षं मी "हो दाजी, बरोबर दाजी" म्हणत राहिलो आणि मनातल्या मनात त्यांना मूर्ख म्हणत राहिलो. माझाही यात काही मोठेपणा नव्हता.

दाजींचा दुसरा छंद म्हणजे फवारणीचा पंप. डाळिंबावर औषध मारायला घेतलेल्या त्या पंपाने ते दिसेल ते धूत. मोटारसायकल, म्हशी, ओटा, गोठा, एकदा तर घरातले पंखे काढून अंगणात मांडून धुतले. आमच्याकडच्या बागाईतदारांना हा रोगच आहे. पाण्याचा असा जोर हातात आला की त्यांना स्वस्थ बसवत नाही. पंपाच्या टाकीत आदल्या दिवशीचं बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, तळाशी उरलेलं असलं तरी दाजींना फिकीर नसे. "औषधच हाय ते," म्हणायचे, "झाला तर फायदाच व्हईल."

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि नंतर डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. शनिवार-रविवार सोडून रोज, असे पंचवीस दिवस, पुण्याला. मध्ये खंड पाडायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. दुसरं असं की जिथे किरण देतात तिथली कातडी भाजल्यासारखी होते, तिथे घाम येऊ द्यायचा नाही. आणि हे सगळं मे महिन्यात. सकाळी लोणीहून निघून पाबळ, शिक्रापूर, वाघोली करत पुणे गाठायचं, आणि दुपारच्या उन्हातून तसंच परत यायचं. ताईचा मुलगा आखातात नोकरीला. दाजींची गाडी जुनी, पण तिला एसी होता, म्हणून त्याच गाडीने जायचं ठरलं. मी शाळेचे निकाल लावून चौथ्या दिवसापासून सोबतीला गेलो.

सकाळी जाताना एसी झकास चालायचा. परत येताना वाघोलीच्या गर्दीत गाडी अडकली की झोतातून गरम हवा सुरू. एसीचं बटण दाबलं की पुढून 'टक' असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो, इतकं मलासुद्धा ठाऊक होतं. तो टक येईनासा झाला. पंखा चालू, बटणाचा दिवा चालू, टक नाही. दाजींनी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. ताई मागच्या सीटवर पदर अंगापासून लांब धरून बसलेली. दाजींनी आत पाहिलं, एक वायर हलवली, आणि येऊन सांगितलं, "गॅस संपलाय."

त्यांच्या एका मित्राचं गॅस भरायचं दुकान होतं. संध्याकाळी तिथे जाऊन गॅस भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार हवा आली तेव्हा दाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता आणि आता माझं थोबाड बंद झालं. दुपारी वाघोलीत पुन्हा गरम हवा. "गॅस हलका भरला त्यानं," दाजी म्हणाले, आणि पुन्हा भरून आणला. पुन्हा तेच.

मी शेवटी विचारलं, "दाजी, सकाळी असतो तो गॅस दुपारी कुठे जातो?"

"उन्हानं उडतो," ते म्हणाले. "तुमी मास्तर मानूस, तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

मग तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत कसा येतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मागे ताई होती म्हणून गिळलं.

भाड्याने दुसरी गाडी करू, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी दोन घास कमी खाल्ले. "माझी गाडी दारात उभी, आन् माझी बायको भाड्याच्या गाडीतनं जानार? लोकं काय म्हनतील?" मंचरला एक वायरिंगचं दुकान आहे, नवऱ्याच्या मागे एक बाई ते चालवते, एसीच्या कामात तिचा हात धरणारा कुणी नाही, असं माझ्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. तेही सुचवून पाहिलं. "बाईमानूस?" दाजी हसले. "एसी म्हंजे काय घरातला फ्रीज हाय का पावणं?"

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, शिक्रापूरजवळ पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. दीड तास आम्ही एका जागी. काचा उघडल्या तर धूळ आणि झळा, लावल्या तर भट्टी.  ताईने डोळे मिटून दात आवळून घेतले होते, आणि गळ्याखाली लाल होऊन सोललेल्या कातडीवरून घामाचे ओघळ जात होते. एक थेंब पुढे सरकला की तिचा खांदा थरथरे. ते मला आरशात दिसत होतं. दाजी बॉनेट उघडून आत बघत उभे होते.

घरी आल्यावर ती बाजेवर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सोमवारपासनं मी यायची न्हाई."

"ताई, पंधराच राहिलेत."

"राहू दे. व्हायचं ते व्हईल. त्या गाडीत मी परत बसायची न्हाई."

दाजी दारात उभे होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. "सोमवारपर्यंत गॅस भरून आनतो," ते म्हणाले. एखाद्या माणसाची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

शनिवारी सकाळी मी खुंटीवरची किल्ली काढली. "दाजी, गाडी मंचरला नेतोय."

"कुनाला इचारून?"

"कुणालाच नाही."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं बोललो. तेवढ्यात ताई उठून बाहेर आली. "मी बी येते," म्हणाली. "त्यो चालतो का न्हाई ते मला माझ्या कानानं ऐकायचंय." ती मागे बसली. मग दाजी येऊन पुढे बसले आणि मंचर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड. बाईंना सगळे वहिनी म्हणत. पन्नाशीच्या, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, खिशात टेस्टर. त्यांनी ताईला सावलीत खुर्ची दिली आणि बॉनेटला हातही न लावता आधी प्रश्न विचारले. कधी बंद पडतो? सकाळी का दुपारी? गाडी थांबलेली असताना का पळताना? खड्ड्यात आदळली की परत चालू होतो का? मी उत्तरं देत गेलो. दाजी टायरकडे बघत होते.

"गॅस भरला का मधी?"

"दोनदा," मी म्हणालो.

त्यांनी दोन नळ्या जोडून काटा पाहिला. "गरजेपेक्षा जास्त झालाय गॅस. गॅसचा काय संबंध न्हाई हितं." मग फ्यूज काढून उजेडात धरला, परत बसवला. मला बटण दाबायला सांगितलं आणि कान देऊन रिलेचा, म्हणजे करंट पुढे सोडणाऱ्या डबीचा, आवाज ऐकला. शेवटी खाली वाकून त्यांनी बॅटरीवरून एक वायर थेट कॉम्प्रेसरला टेकवली. टक. कॉम्प्रेसर फिरायला लागला. इतके दिवस दर दुपारी ज्या आवाजाची वाट पाहिली तो आवाज ऐकून ताईने खुर्चीवरून मान वर केली.

"तुमच्या एसीला धाड भरलेली न्हाई," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यापतुर निरोपच पोचत न्हाई चालू हो म्हणून." त्यांनी कॉम्प्रेसरजवळचा एक लहानसा जोड ओढून काढला आणि आम्हाला दाखवला. आतली पितळी टोकं हिरव्या भुकटीने भरली होती. "थंड असलं की चिकटतंय, तापलं की सुटतंय. डाळिंबाची बाग हाय का तुमची?"

"हाये," ताई म्हणाली.

"गाडी फवारणीच्या पंपानं धुतली का? ते बी बॉनेट उघडून?"

दाजी टायरच्या नक्षीत बोट फिरवायला लागले.

"हे मोरचूद हाय. पानी आत शिरलं, त्यात मोरचूद, वरनं करंट. आठ-दहा दिवसांत खाल्लं समदं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात चार गाड्या येतात अशा. कुनी धुतली?"

दाजींनी घसा साफ केला. "हे आमचे पावणं," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "सुट्टीला आलेत आठ-दहा दिस झाले. हौसेनं धुतली. मी सांगत व्हतो, नगा धू, ऐकलं न्हाई."

मी तोंड उघडलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी तीस वर्षांचं सगळं गोळा झालं होतं आणि ते सगळं मी त्या शेडमध्ये ओतणार होतो. तेव्हा ताईकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिने मान हलवली, अगदी किंचित, नको अशा अर्थाने.

मी तोंड मिटलं. वहिनींनी मला चांगलं फैलावर घेतलं. पोरांना शिकवता म्हणता आणि एवढी साधी अक्कल नाही, पेशंट बसतंय या गाडीत, वगैरे. दाजी मान डोलावत ऐकत होते. मध्ये एकदा "तेच म्हणत व्हतो मी" असंही म्हणाले. वहिनींनी नवा जोड बसवला, त्यावर रबराची टोपी चढवली, जास्तीचा गॅस काढला, आणि आम्ही गार गाडीतून लोणीला परतलो.  वाटेत ताईला झोप लागली होती.

सोमवारी ती दवाखान्यात गेली. उरलेले पंधराही दिवस गेली. जूनच्या सुरुवातीला मला शाळेवर हजर व्हायचं होतं, म्हणून शेवटचे दिवस ती दोघंच जात होती. हे लिहिताना एक गोष्ट कबूल करायला हवी, मनाविरुद्ध का होईना. त्या पंचवीस दिवसांत दाजींनी एकही दिवस चुकवला नाही. पहाटे उठून ताईसाठी पातळ पेज ते स्वतः करत, ती भयंकर करत, आणि डब्यात भरून नेत. दवाखान्याच्या आत मात्र पाऊल टाकत नसत. बाहेर गाड्या लावायच्या जागेत लिंबाखाली बसत, आणि ताई बाहेर यायची तेव्हा कुणा परक्या माणसाच्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघत असत.

मी मात्र त्या शनिवारनंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचो. सणावाराला जायचो, जेवायचो, निघायचो. ते मोठमोठ्याने गाड्यांबद्दल बोलत आणि मी पेपर उघडून बसत असे. त्यांना ते कळत होतं की नाही, देव जाणे. ताई बरी झाली, तपासण्या चांगल्या आल्या, भाजलेली कातडी भरून आली. मागच्या दिवाळीनंतर दाजी बागेत काम करताना छातीला हात लावून खाली बसले. मंचरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहावा झाला, पाहुणे पांगले. दुपारी मी आणि ताई ओट्यावर बसलो होतो. माणूस गेला तरी माझा राग गेला नव्हता, हे बोलायला लाज वाटते, पण तसं होतं. मी विचारलंच. "ताई, तू त्या दिवशी मान का हलवलीस? मी नाही धुतली गाडी."

"ठावं हाय की मला. त्यांनीच धुतली."

"मग?"

"तू बोलला असतास तर ते तिथनं चालत घरी गेले असते. आन् परत त्या गाडीला हात लावला नसता. मला ठावं हाय त्यांचा सोभाव, तुला न्हाई. तुझी शाळा सुरू व्हनार व्हती. मला कुनी नेलं असतं?" तिने ओट्यावरचा कचरा हाताने खाली लोटला. "मला तवा दवाखान्यात जायचं व्हतं, मास्तर. भांडण जिंकायचं नव्हतं."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"पहिल्या दिशी मला गाडीत उलटी झाली," ती म्हणाली. "तू आला नव्हतास तवा. समदी सीट घाण झाली. घरी आल्यावर मला निजवलं आन् एकट्यानं धुवायला बसले. आतनं धुतली, भायेरनं धुतली, तरी वास जाईना. म्हनले, एसीतनंच येतोय, उद्या हिला परत मळमळंल. म्हणून बॉनेट उघडून आत फवारा मारला. तासभर मारत व्हते. मी खिडकीतनं बघत व्हते."

"मग वहिनींना हेच सांगायचं ना सरळ."

"चार मानसांत? माझ्या उलटीचं?"

दाजींनी त्या शेडमध्ये उभं राहून इतका विचार केला असेल, यावर माझा आजही विश्वास नाही. त्यांना स्वतःची मान वाचवायची होती आणि समोर मी सापडलो, एवढंच. हे मी ताईला सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. पंचवीस दिवस तिला नेऊन परत आणणारा माणूस मी नव्हतो.